सेमी-ऑटो शॉटगन रेंजवर अडकते? आधी या चुका टाळा

टार्गेटची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन (दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) अडकू लागली की आधी सुटे भाग मागवले जातात. नवी स्प्रिंग, नवा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा), आणि तरीही अडकलीच तर बंदूकच विकायला निघते. बहुतेक वेळा दोष काडतुसात, काजळीत किंवा जादा तेलात असतो, आणि तो घरच्या टेबलावर अर्ध्या तासात सापडतो.

पुढचं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खणात) भरण्याची ताकद बंदुकीला आधीच्याच काडतुसातून मिळते. रेमिंग्टन ११०० किंवा बेरेटा ए४०० सारख्या गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत नळीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून थोडा गॅस बाहेर येऊन पिस्टन मागे ढकलतो आणि त्यासोबत बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) मागे जातो. बेनेली एम२ सारख्या इनर्शिया बंदुकीत गॅसचा काही संबंध नाही. तिथे अख्खी बंदूक धक्क्याने मागे येते, जड बोल्ट जागच्या जागी राहू पाहतो, त्यामुळे बोल्टमधली आखूड, टणक स्प्रिंग दबते आणि मग तीच बोल्टला मागे फेकते. दोन्ही प्रकारांत २४ किंवा २८ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसातून मिळणारी ताकद बेताचीच असते. काजळी, चिकट तेल, गंजलेली स्प्रिंग, सैल फोर-एंड (नळीखालचा हाताने धरायचा भाग) असं प्रत्येक जण त्यातला थोडा वाटा खातो. ३२ ग्रॅमच्या काडतुसावर हे लपून जातं, २४ ग्रॅमवर लगेच उघडं पडतं.

भारतातल्या ट्रॅप-स्कीट रेंजवर बहुतेकांच्या हातात ओव्हर-अंडरच (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) दिसते, त्यामुळे हा विषय मुख्यतः अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये क्ले शूटिंग (उडत्या चकत्यांवरची नेमबाजी) करणाऱ्या मराठी मंडळींच्या कामाचा.

बंदूक अडकली की लगेच हँडल ओढू नका

ही सगळ्यात महागात पडणारी सवय. बोल्टचं हँडल ओढलं, काडतूस खाली पडलं, की पुरावाही गेला. नळी रेंजच्या दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, आणि आधी नीट बघा: बोल्ट कुठे थांबलाय? रिकामी केस (मारलेल्या काडतुसाचं टरफल) कुठे आहे? नवं काडतूस कुठे आहे?

रिकामी केस चेंबरमध्येच असेल आणि बोल्ट जवळजवळ बंद असेल, तर एकतर गॅस पोहोचलाच नाही किंवा केस चेंबरला चिकटली. केस चेंबरबाहेर निघून ती बाहेर पडायच्या खिडकीत बोल्टखाली चिमटली असेल तर बोल्ट पुरता मागे गेला नाही, किंवा केस बाहेर फेकणारा इजेक्टर कमजोर आहे. केस गेली, नवं काडतूस कॅरियरवर (ते उचलून चेंबरसमोर आणणाऱ्या पट्टीवर) आहे, पण बोल्ट त्याच्या वरून रिकाम्या चेंबरवर बंद झालाय, तर ताकद थोडक्यात कमी पडली. आणि काडतूस मॅगझिनमधून (काडतुसं साठवणाऱ्या नळीतून) निघालंच नसेल तर गॅस साफ करत बसू नका. मॅगझिनची स्प्रिंग, फॉलोअर (स्प्रिंगपुढची काडतुसं ढकलणारी टोपी) आणि काडतूस अडवणारी खिट्टी तपासा.

याची खात्री करायला सोपी चाचणी आहे. एकच काडतूस भरून मारा. बोल्ट मागे जाऊन तिथेच अडकून राहायला हवा. सलग पाच वेळा राहिला तर ताकद पुरेशी आहे आणि दोष काडतूस पुरवण्याच्या बाजूला आहे. राहिला नाही तर ताकद कमी पडतेय. रिकाम्या केस कुठे पडतात तेही बघा. सगळ्या साधारण दोन-तीन मीटरवर एकाच जागी पडत असतील तर ठीक. पायाशी पडू लागल्या तर बंदूक उद्या-परवा अडकणार, हे धरून चाला.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. ट्रिगर दाबला आणि नुसता ‘टक्’ झाला, तर नळी रेंजकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि बोल्ट मागे गेलाच नाही, तर वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच) नळीत अडकलेला असू शकतो. बंदूक पूर्ण रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत दुसरं काडतूस भरू नका. सेमी-ऑटो वारंवार अडकत असेल तर ‘परत अडकली’ म्हणत हँडल ओढून पुढची गोळी मारायची सवय लागते, आणि अशाने नळी फुटते.

स्वस्त काडतुसं

स्वस्तातल्या बऱ्याच काडतुसांचा तळ पितळी दिसतो, पण तो पितळी मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. लोहचुंबक लावला की लगेच कळतं. पितळ फुगून परत आकसतं, तर पोलाद फुगलं की तसंच राहतं आणि केस चेंबरला घट्ट बसते. एक्स्ट्रॅक्टर ती ओढायला जातो आणि कडेवरून सटकतो. त्यात चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा थर असेल तर विचारूच नका. तापलेल्या चेंबरमध्ये केसचं प्लॅस्टिक घासून हा थर साठतो आणि नेहमीच्या नळीच्या ब्रशने तो निघत नाही. १२ गेजच्या (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तेवढी नळी रुंद) चेंबरला १० गेजचा कांस्य ब्रश किंवा खास चेंबर ब्रश लागतो. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा, ब्रश गोल फिरवा आणि शेवटी चेंबर कोरडं पुसा. तिथे तेल राहता कामा नये. तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जादा ताण येतो.

घरी काडतुसं भरणारे आणखी एक चूक करतात: वेग सारखा असला की ताकदही सारखीच, असं धरून चालतात. गॅसचं छिद्र चेंबरपासून पुढे असतं, त्यामुळे महत्त्वाचा असतो तिथवर पोहोचल्यावर उरलेला दाब. भरभर जळणारी दारू चेंबरमध्ये मोठा दाब देते आणि लवकर संपते. जरा सावकाश जळणारी दारू त्याच वेगाला छिद्राशी जास्त दाब ठेवते. हलकं काडतूस अडखळत असेल तर दारूचं प्रमाण मनाने वाढवू नका. दारू बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातली दुसरी पाककृती निवडा. केसचा तळ रिसाइज न करता (दाबून मूळ मापाला न आणता) भरलेली काडतुसं ओव्हर-अंडरमध्ये अंगठ्याने दाबून बसतात, सेमी-ऑटोत बोल्ट शेवटच्या दोन मिलिमीटरवर अडतो.

नळीही पाहा. तीन इंची मॅग्नम नळीची गॅस छिद्रं जड काडतुसांच्या हिशेबाने लहान किंवा कमी ठेवलेली असतात. जुन्या ११०० ला तशी नळी लावून २८ ग्रॅम मारायला गेलात तर ती चालणार नाही, आणि त्यात बिघाड काहीच नाही. ड्रिल घेऊन छिद्र मोठं करण्याचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका. काढलेलं पोलाद परत भरता येत नाही, आणि पुढे जड काडतूस मारलं की बोल्ट रिसीव्हरच्या (तो ज्यात सरकतो त्या धातूच्या घराच्या) मागच्या बाजूवर आदळू लागतो.

जिथे नको तिथे तेल

अडकली की तेल ओता, हा उपाय गॅसच्या बंदुकीत उलटा पडतो. पिस्टनवरचं तेल गरम गॅसमध्ये भाजून कडक काजळी होते आणि पिस्टन जड होतो. पिस्टन आणि त्याचं सिलिंडर साफ करून कोरडं ठेवा, मॅगझिनच्या नळीवर तेलाचा हात फिरवून कापडाने पुसून घ्या, एवढं पुरे. बोल्ट ज्या खाचांत सरकतो तिथे एकेक थेंब, ॲक्शन बारवर (पिस्टनचा धक्का बोल्टला पोहोचवणाऱ्या पट्टीवर) एकेक थेंब. कडाक्याच्या थंडीत घट्ट ग्रीस अजिबात नको. पाणी हटवण्यासाठी मिळणारे साधे स्प्रे वंगण म्हणून वापरू नयेत, ते सुकल्यावर मागे चिकट थर राहतो.

काजळी काढायला पिस्टन कार्बन सॉल्व्हंटमध्ये पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. सँडपेपर नको. गॅसची छिद्रं पाइप क्लीनरने किंवा मऊ तांब्याच्या तारेने मोकळी करा, उजेडासमोर धरून आरपार दिसतात का बघा. ११०० ला साधारण एका फ्लॅटला, म्हणजे २५० काडतुसांमागे, ही सफाई द्यावी. नव्या पद्धतीचे पिस्टन याहून बरेच जास्त चालतात.

११०० ची खास दुखरी जागा म्हणजे मॅगझिनच्या नळीवरच्या खाचेत बसणारी रबरी ओ-रिंग. ती गॅस पुढे गळू देत नाही. तुटली तर बंदूक केस बाहेरही टाकत नाही, आणि लोक एक्स्ट्रॅक्टर बदलत बसतात. रिंग काढून बोटांत वाकवा. बाहेरच्या बाजूला केसासारख्या चिरा दिसल्या तर फेकून द्या. व्हायटनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) रिंग जास्त टिकते. नळी चढवताना दाबून ढकलली तर रिंग कापली जाते, म्हणून रिंगला थेंबभर तेल लावा आणि नळी हलकेच डावी-उजवीकडे फिरवत बसवा. पिस्टन, त्याचा सील आणि रिंग कुठल्या क्रमाने, कुठल्या तोंडाने होते याचा फोटो खोलण्याआधीच काढून ठेवा.

दस्त्यातली विसरलेली स्प्रिंग

बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग ११०० मध्ये आणि बेनेली एम२ मध्ये दस्त्यातल्या नळीत असते, काही बंदुकांत मॅगझिनच्या नळीभोवती. दस्त्यातली दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुणी काढत नाही. बंदूक तोंड वर करून कपाटात ठेवली की रिसीव्हरमधलं तेल, काजळी आणि दारूचे कण ओघळून तिथे जमतात. पावसात शूटिंग झालं असेल तर वर गंजही. मग बोल्ट मागे जाताना अडतो आणि पुढे येताना रेंगाळतो.

हे तपासायला बंदूक रिकामी करून बोल्ट मागे अडकवा, बटण दाबा आणि आवाज ऐका. एकदम खटकन बंद व्हायला हवा. शेवटी घसटत बंद होत असेल तर दस्ता काढायची वेळ झाली. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर डोळ्यावरच येते. नळी आतून पुसा, गंज काढा, अगदी पातळ तेलाचा हात द्या, जुनी स्प्रिंग नव्याशेजारी ठेवून बघा. स्पष्ट आखूड झाली असेल तर बदला. वर्षातून एकदा हे काम केलं तरी पुष्कळ. तेल घातल्यावर पहिली रात्र बंदूक तोंड खाली करून ठेवा.

एक्स्ट्रॅक्टर बदलण्याआधी

बोल्ट बाहेर काढा. रिकाम्या केसची कड एक्स्ट्रॅक्टरखाली सरकवा, बोल्ट आडवा धरा आणि हलकेच हलवा. केस लोंबकळत राहिली तर एक्स्ट्रॅक्टर ठीक आहे. निसटून पडली तर आधी एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची काजळी दाताच्या काडीने खरवडून पुन्हा करा, तरीही पडली तर स्प्रिंग बदला. ११०० च्या बोल्टमागचा प्लॅस्टिकचा बफर तडकला असेल तर तोही आत्ताच दिसेल.

इनर्शिया बंदुकीच्या वेगळ्या खोड्या

तिला मागे यायला जागा हवी. खांद्यावर जाड पॅडिंग, मॅगझिनवर जड वजनं किंवा बंदूक भिंतीला टेकवून मारणं, यामुळे तिचा वेग कमी होतो आणि स्प्रिंग पुरती दबत नाही. नव्या बेनेलीला सुरुवातीच्या काही डब्या ३२ ग्रॅम, १२०० फूट प्रतिसेकंद अशा द्या, मग हलक्यावर या. बोल्ट हाताने हळू सोडू नका. त्याचं डोकं फिरून पूर्ण लॉक होत नाही आणि ऐन वेळी नुसता ‘टक्’ होतो. भरलेल्या बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटला तरी हेच घडतं.

फोर-एंडची टोपी मात्र दोन्ही प्रकारांत तपासा. सैल झाली की नळी पुढेमागे हलते, आणि गॅसच्या बंदुकीत गॅसही गळतो. प्रत्येक स्टेशननंतर (नेम मारायच्या जागेनंतर) हाताने एक पीळ द्या, पक्कड वापरायची गरज नाही. मॅगझिनमध्ये लाकडी प्लग (काडतुसांची संख्या मर्यादित ठेवणारा दांडा) असेल तर तो ओलाव्याने फुगून काडतुसं अडवू शकतो. ब्रिटनमध्ये साध्या शॉटगन प्रमाणपत्रावर मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं चालतात, तेव्हा तिथल्या मॅगझिनवरच्या मर्यादेला हात लावायचा नाही.

२० गेजचं काडतूस १२ गेजच्या खिशात मिसळू देऊ नका. ते चेंबर ओलांडून नळीत पुढे जाऊन अडकतं, मागून १२ गेजचं काडतूस बसतं आणि पुढच्या गोळीला नळी फुटते. कुटुंबात दोन्ही गेज वापरत असाल तर पिशव्याच वेगळ्या ठेवा. २० गेजची काडतुसं सहसा पिवळी असतात, ती तेवढ्यासाठीच.