पत्र्यावर चिकटवायचं सोलर: कोकणात या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मी सोलर बसवतो. हल्ली निम्मी चौकशी पातळ, वाकणाऱ्या शीटची असते आणि ती मागणी चुकीची नाही. काचेचं पॅनल चौरस मीटरला दहा-बारा किलो भरतं, ही शीट दोन-तीन किलो. जुन्या वाशांवर ओझं येत नाही, आणि नीट चिकटली असेल तर वाऱ्याला खालून शिरायला फट राहत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धनकडची छपरं उडालेली ज्यांनी पाहिली, त्यांना याचं मोल कळतं. पण सगळं त्या ‘नीट चिकटली असेल तर’वर अडलंय.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पत्रा नुसता फडक्याने पुसून शीट चिकटवणं. समुद्राजवळच्या पत्र्यावरून सकाळी बोट फिरवा, पांढुरका थर येईल. जिभेला लावा, खारट लागेल. हे मीठ हवेतली ओल ओढतं आणि गोंद पत्र्याऐवजी मिठाला धरतो.

मालवणजवळच्या एका होमस्टेचं काम आम्ही मेच्या शेवटी घेतलं. मालकांचा रोज फोन: “पाऊस येवच्या आदी लावन टाक रे, मगे काय ता बघूया.” मी ऐकलं. पोरांनी पत्रा पुसला, शीट दाबून बसवल्या. त्या दिवशी नखाने उचकटूनही निघत नव्हत्या. जुलैत आठ दिवस झड लागली आणि फोन आला, रात्रभर वर काहीतरी फडफडतंय. शिडी लावून चढलो. वळचणीकडची कड वीतभर उचललेली, खाली पाणी साचलेलं. शीट उलटून बघितली तर काळ्या गोंदावर पत्र्याचा हिरवा रंग पापुद्र्यासारखा सोलून आलेला. कडेला मिठाने घात केला होता आणि मधे जुन्या रंगाने. गोंदाने रंग धरला, रंगाने पत्रा सोडला. उचकटलेली शीट पुन्हा चिकटत नाही, ओढताना आतले सेलही तडकतात. चार शीट गेल्या, त्या मी माझ्या पैशाने भरून दिल्या.

तेव्हापासून पत्रा गोड्या पाण्याने दोनदा धुतो, दोन दिवस कडक वाळू देतो. मग पांढऱ्या सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसतो. रंगावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढतो. पट्टीवर रंगाची भुकटी आली तर काम तिथेच थांबतं. सुरुवात दव उडाल्यावर, पत्रा तापायच्या आत. आणि हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मेमध्ये घाई करणाऱ्याला मी नोव्हेंबरची तारीख देतो, तो दुसऱ्याकडे गेला तरी चालेल.

नागमोडी पत्र्यावर ही शीट लावू नका. ती फक्त उंचवट्यांवर टेकते. कौलांवर तर नाहीच.

दुसरी चूक भिंतीची. परदेशातले फोटो बघून लोक म्हणतात, दक्षिणेच्या भिंतीला लावून द्या. रत्नागिरी १७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा थेट ऊनच नाही. पंखे अखंड फिरतात त्या मेच्या अखेरीस भिंत रिकामी बसते. डिसेंबरात हीच भिंत छान चालते, कारण दुपारचा सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच वर असतो. आमच्याकडे आधी छप्पर, मग पश्चिमेची भिंत, दक्षिण शेवटी. चिऱ्याच्या भिंतीवर थेट चिकटवायचा हट्टही नको: चिरा पावसात पाणी पितो आणि चुन्याची सफेदी पापुद्र्याने सुटते. पुढे चौकट ठोकून तिच्यावर सपाट पत्रा बसवा, शीट त्या पत्र्यावर.

“काचेच्या पॅनलएवढी वीज का येत नाही?” हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. शीटखाली हवा खेळत नाही, त्यामुळे ती जास्त तापते. सिलिकॉन सेलचं उत्पादन २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घटतं. शीट ६५ अंशांवर गेली की १४ टक्के गेले. हा बिघाड नाही, हिशोब आधी करायचा असतो.

माडाची एक झावळ शीटवर आडवी पडली तरी उत्पादन जोरात पडतं. सावली सकाळी, दुपारी आणि चारला स्वतः उभं राहून बघा, मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. शीटवरून चालू नका. तडा डोळ्यांना दिसत नाही, बिलात दिसतो. शेवाळ काथ्याने घासू नका, मऊ फडकं आणि पाणी पुरतं. शीटमधून स्क्रू मारणाऱ्या वायरमनला छपरावरून खाली उतरवा. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर बसले म्हणून जोडू नका, खाऱ्या हवेत ते आतून सडतात आणि तापतात. आणि केबल घरात घेताना बाहेर एक झोळ द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकेल, इन्व्हर्टरमध्ये नाही.