टायटॅनियमसाठी कुलंटमधलं ॲडिटिव्ह कसं पारखायचं

ग्रेड ५ टायटॅनियमची (६% ॲल्युमिनियम, ४% व्हॅनेडियम) उष्णतावाहकता साधारण ७ वॅट प्रति मीटर-केल्विन, साध्या कार्बन स्टीलची ५० च्या आसपास. त्यामुळे कापताना निघणारी चिप फारशी उष्णता घेऊन जात नाही, उष्णता टूलच्या धारेवरच साठते. तापलेला टायटॅनियम टूलच्या कार्बाइडला चिकटतो आणि सुटताना धारेचे कण सोबत उपटून नेतो.

कुलंट (कापताना धारेवर सोडायचा द्रव) घेताना फोर-बॉल टेस्टच्या (चार गोळ्या एकमेकांवर घासून वंगण तपासण्याच्या चाचणीच्या) आकड्यांवर भाळू नका. त्या चाचणीत स्टीलवर स्टील घासतं. गंधक आणि फॉस्फरसची ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे अतिदाबासाठीची) ॲडिटिव्हं लोखंडाशी संयोग पावून घसरडा थर बनवतात; टायटॅनियमवरच्या चिवट ऑक्साइडमुळे ती क्रिया इथे तेवढी जमत नाही. क्लोरीनयुक्त पॅराफिन घर्षण कमी करतं खरं, पण अवशेष राहून पुढे पार्ट तापला तर भेगा पडण्याचा धोका असतो. विमानाच्या पार्टसाठी ग्राहकाचं स्पेसिफिकेशन आधी वाचा.

खरा उपयोग एस्टरचा (वंगण म्हणून मिसळलेल्या तेलकट संयुगाचा). टॅपिंग (भोकात आटे पाडणं), रीमिंग (भोक अचूक मापाला आणणं), ब्रोचिंग (दातेरी टूल ओढून आकार कापणं) अशा कमी वेगाच्या कामांत त्याची फिल्म टिकते. टर्निंगमध्ये (लेथवरच्या कापणीत) मात्र धारेपाशी द्रव जेमतेम पोचतो. तिथे ॲडिटिव्ह बदलण्याआधी नोझल धारेवर रोखा आणि जमलं तर ७० बारचा पंप लावा.

एस्टरवालं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं कुलंट) ८ ते १०% ठेवा. टक्केवारी म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरचं (थेंबातून प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग गुणिले डब्यावरचा फॅक्टर: रीडिंग ४, फॅक्टर १.५, म्हणजे ६%. २०० लिटरच्या टाकीत ६% चं ९% करायला सुमारे ६.६ लिटर कॉन्सन्ट्रेट लागतं. नवं मिश्रण करताना कॉन्सन्ट्रेट पाण्यात ओता, उलट केलं तर इमल्शन फाटतं. पाणी जड असेल तर साबणासारखा चिकट साका येऊन फिल्टर तुंबतात. फार मऊ असेल तर फेस. वर तरंगणारं स्लाइडवेचं (मशीनच्या सरकपट्ट्यांचं) तेल रोज काढा, नाहीतर रिफ्रॅक्टोमीटर जास्त टक्के दाखवतो आणि तुम्ही निश्चिंत राहता.

दोन कुलंटची तुलना करायची तर एकाच हीटचा (एकाच वेळी वितळवलेल्या धातूचा) बार, एकाच लॉटचे कोटिंग नसलेले के-ग्रेड कार्बाइड इन्सर्ट (टूलवर बसवायचे बदलते तुकडे), वेग ५० मीटर/मिनिट, फीड ०.१५ मिमी, खोली १ मिमी. दर ५ मिनिटांनी फ्लँक वेअर (धारेच्या बाजूची झीज) मायक्रोस्कोपखाली मोजा, ०.३ मिमीला थांबा. प्रत्येक कुलंटला निदान तीन धारा द्या. एका धारेवरून निर्णय घेणं म्हणजे जुगार. खोलीच्या रेषेवर खाच पडली असेल तर ती वेगळी नोंदवा. टॅपिंगसाठी एम६ टॅप, ५ मिमी भोक, आणि स्पिंडल लोडची नोंद. टर्निंगमध्ये जिंकलेलं कुलंट इथे हरू शकतं.

बारीक चिप्स मशीनखाली साठू देऊ नका. पेटल्या तर पाणी मारायचं नाही. कोरडी वाळू किंवा डी क्लासचं (धातूच्या आगीसाठीचं) एक्स्टिंग्विशर जवळ हवं. नीट ऑइल (पाणी न मिसळलेलं कटिंग तेल) वापरत असाल तर हा धोका आणखी वाढतो.