गोधडीच्या चौकोनांवर भरतकाम करताय? या चुका टाळा

भरतकाम केलेल्या गोधडीत जे बिघडतं, त्यातलं बरंचसं पहिला टाका घालायच्या आधीच ठरलेलं असतं. कापड न धुता घेतलेलं असतं, चौकोन नेमक्या मापात कापलेला असतो, दोऱ्याचा रंग कुणी तपासलेला नसतो. वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्यांना त्यात खाऱ्या, दमट हवेचाही विचार करावा लागतो.

सगळ्यात महाग पडते ती चौकोन आधीच मापात कापायची घाई. टाक्यांनी कापड आखडतंच, आणि भरीव काम जितकं दाट तितकं जास्त आखडतं. शिवल्यावर ८ इंचांचा चौकोन हवा असेल तर दोन्हीकडची पाव-पाव इंच शिलाई धरून ८.५ इंच लागतात, पण भरायला १० इंचांचा तुकडा घ्या. कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये पकडायलाही कड मिळते. भरून, धुऊन, इस्त्री करून झाल्यावर नक्षी मधोमध धरून ८.५ इंचांवर कापा. नक्षी या रेषेपासून निदान पाऊण इंच आत हवी, नाहीतर भरलेल्या अबोलीच्या वळेसराचं, म्हणजे गजऱ्याचं, टोक शिवणीत जातं. चौकोन आधीच लहान पडले असतील तर टाकून देऊ नका. भोवती पट्ट्या जोडून सगळे एका मापाचे करा. जुन्या लुगड्याचा काठ तिथे फार शोभतो.

लुगडं मात्र उजेडापुढे धरून बघा. विरलेलं दिसलं, हलक्या ताणानेही सूत सुटलं, तर मागे धुतलेली मलमल टाचून दोन्ही थरांतून टाका घाला.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यावरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवरून, नक्षी घ्यायचा मोह मला समजतो, इतकी ती देखणी आहे. पण ब्रशने काढलेली बारीक रेघ दोऱ्याने तशी येत नाही. एका चौकोनात एकच मत्स्य किंवा शंख मोठा करून घ्या, बाकीचं सोडून द्या.

आता गंजाविषयी. सुई कापडात टोचून ठेवली की दमट हवेत तिच्याभोवती तांबूस डाग उमटतो. टाचण्या आणि रिंगचा स्क्रूही तसाच डाग पाडतात. काम थांबवताना सुई काढून कोरड्या डबीत ठेवा आणि रिंगही सोडा, म्हणजे कापडावर वळ राहत नाही. डाग पडलाच तर त्यावर ब्लीच ओतू नका, त्याने गंज आणखी पक्का होतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग भरपूर पाण्यात धुवा. रंगीत कापडावर हा उपाय रंग उडवू शकतो.

लाल, मरून, गडद निळा दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. फडकं रंगलं तर तो दोरा गोधडीत नको. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होईल, या भरवशावर राहू नका. भरल्यावर रंग पसरला तर चौकोन वाळू न देता थंड पाण्यात बुडवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. तोवर इस्त्री अजिबात नको.

इस्त्रीने खुणेच्या पेनाचाही घोटाळा होतो. पाण्याने जाणारी शाई आधी थंड पाण्याने काढा, कारण गरम इस्त्री फिरली की ती कायमची बसू शकते. उष्णतेने उडणारी शाई कडाक्याच्या थंडीत पुन्हा दिसू लागते. गोधडी परदेशातल्या लेकीकडे जाणार असेल तर खडूच बरा.

चौकोन आकसला असेल तर दोरा ओढून घट्ट केलेला असतो. जाड टॉवेलवर पालथा घालून वाफेची इस्त्री दाबा. तरी सरळ झाला नाही तर तेवढे टाके उसवा. सहा पदरी लडीतले दोन पदर आणि कोपरापासून बोटांपर्यंत लांबीचा दोरा बहुतेक कामाला पुरतो. रोज अंगावर घ्यायच्या गोधडीत लांब भरीव टाके पायाच्या बोटांत अडकतात, तिथे साखळी टाका किंवा उलटी टीप घाला. फिक्या कापडामागून गडद दोरा एका फुलाकडून दुसऱ्याकडे नेऊ नका, तो पुढून दिसतो.

पावसात चौकोन खुशाल भरा, धुऊन पंख्याखाली वाळवा. पण थर घालून गोधडी शिवायची असेल, तर सगळे थर आधी कडक उन्हात तापवून घ्या. मृगाआधी जमलं नाही तर चौकोन जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि पाऊस उघडून ऊन पडलं की शिवायला घ्या. आतला थर दमट राहिला तर बुरशी आतून धरते आणि भरलेल्या बाजूवर काळे ठिपके उमटतात.