झेरॉक्सच्या दुकानात उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप

इंदूरला भंवरकुआँजवळच्या एका दुकानात माझ्या मावसबहिणीनं असाइनमेंटच्या प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं. रात्री तिच्या नावानं मैत्रिणींकडे पैशांची मागणी सुरू झाली. पोर रडकुंडीला आली.

तिच्या फोनवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडलं. यादीत विंडोज, म्हणजे दुकानातला संगणक, दिसत होतं. त्यावर बोट ठेवून लॉग आउट केलं. लगेच टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे दुसऱ्या फोनवर खातं सुरू करताना लागणारा, ६ अंकी पिन ठेवला. मग मैत्रिणींना फोन लावले. मेसेज मुद्दाम टाळले, कारण त्याच खात्यावरच्या मेसेजवर कोण भरवसा ठेवणार? एकीनं पैसे पाठवलेच होते. तिला तिथल्या तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी बँकेला गोठवता आली तरच ती वाचते.

आता बहीण पीडीएफ दुकानाच्या ईमेलवर पाठवते.