कोल्ड स्टोरेजमधल्या लिंबाला थंडी बाधली का? माल काढण्याआधी असं तपासा

पावसाळ्यात लिंबाची आवक वाढून दर पडला की माल कोल्ड स्टोरेजला टाकावासा वाटतो. मात्र कोल्हापूर हा ऊस-गुळाचा जिल्हा, लिंबासाठी स्वतंत्र खोली मिळेलच असं नाही. बटाट्यासाठी ३-४ अंशांवर चालवलेल्या खोलीत कागदी लिंबं अजिबात ठेवू नका. संत्री-मोसंबीला ५ ते ८ अंश चालतात, पण कागदी लिंबाला ९-१० अंशांखाली थंडी बाधते.

घात असा होतो, की खोलीत असेपर्यंत फळ टवटवीत दिसतं. बाहेरच्या हवेत आल्यावर दोन-चार दिवसांत सालीवर खड्डे पडतात. तोवर माल कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पोचून दर ठरलेला असतो. म्हणून दर आठवड्याला २०-२५ फळं बाहेर काढा. काही कूलरच्या झोताजवळच्या क्रेटमधली घ्या, कारण इजा तिथं आधी होते, आणि काही मधल्या थरातली. ती घरात साध्या हवेला ३-४ दिवस ठेवा आणि मग दिवसाच्या उजेडात बघा.

थंडी बाधली असेल तर सालीवर बारीक, खोलगट खड्डे दिसतात. पुढं ते तपकिरी होऊन एकमेकांत मिसळतात. दोन-तीन फळं आडवी कापा. फोडींमधले पडदे तपकिरी पडले असतील तर इजा आत पोचली आहे. अशा फळावर बुरशीही लवकर चढते.

प्रत्येक डाग थंडीचाच नसतो. ओल्या झाडावरून, दव असताना तोडलेल्या फळाच्या तेलग्रंथी, म्हणजे सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या, दाबानं फुटतात. त्या डागात ग्रंथी उठून दिसतात आणि मधली साल बसते. हा डाग कोल्ड स्टोरेजला न गेलेल्या फळावरही येतो. म्हणून त्याच तोडणीची थोडी फळं घरी ठेवाच. डाग दोन्हीकडे असतील तर चूक तोडणीत, फक्त कोल्ड स्टोरेजच्या फळांवर असतील तर थंडीत. हा फरक माहीत असला की कोल्ड स्टोरेजवाल्याशी बोलताना आपली बाजू भक्कम राहते.

नमुन्यात खड्डे दिसले तर लांबच्या बाजारासाठी थांबू नका. बाकीचा माल लगेच काढून जवळच विका. डागी फळ लोणच्याला, सरबताला द्या. पडलेला खड्डा तापमान वाढवून भरून येत नाही.

खोलीच्या दारावर दिसणाऱ्या तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. आपला थर्मामीटर क्रेटमध्ये, फळांच्या मधोमध ठेवा आणि झोतासमोरच्या क्रेट थोड्या मागं सरकवून घ्या.