अंगठा लागत नाही म्हणून अडलेली पेन्शन: माझा अनुभव

श्रावणबाळ या सरकारच्या वृद्धांसाठीच्या पेन्शन योजनेचे महिन्याचे १५०० रुपये काढायला गेलेल्या आजींचा अंगठा मशीनवर लागत नाही, ही आमच्या भागातली जुनी रड. ऊसतोडीत आणि भांडी घासण्यात बोटांच्या रेषाच झिजलेल्या. एकेकीला घेऊन बँकेत जायचं, साहेबांची मनधरणी करायची. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मग तक्ताच केला: गाव, वय, कोणत्या महिन्याचे पैसे अडले, मशीनवर काय संदेश आला. नावं गाळली. माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न टाकला: अंगठा न जुळल्यास काय करायचं, याचे लेखी आदेश द्या. उत्तर आलं, ‘असे आदेश या कार्यालयात उपलब्ध नाहीत.’ भाषणं ठोकण्यापेक्षा ही एक ओळ कामी आली. सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालाचा संदर्भ जोडला: पडताळणी फसली म्हणून लाभ नाकारता येत नाही.

हे सगळं लोकशाही दिनात, म्हणजे सरकारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, मांडलं. मागणी मुद्दाम छोटी ठेवली, साहेबांना मंत्रालयात न विचारता सही करता येईल एवढीच: ठरलेल्या दिवशी बुबुळ तपासणारं यंत्र, तेही चाललं नाही तर ओळख पटवून रजिस्टरवर नोंद. (मोर्चा काढा, असं सांगणारेही भेटले. आजींना उन्हात कोण उभं करणार?)

पत्र निघालं. त्याची झेरॉक्स आता प्रत्येक आजीच्या पासबुकात असते. वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, ही अट बदलण्याचं काम मात्र मंत्रालयातलं. त्यासाठी आमदारांकडे खेपा चालू आहेत.