मुरमाच्या वाटेवर ग्रॅव्हल सायकल: वाईच्या डोंगरात या चुका टाळा

वाईतून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट शनिवार-रविवारी गाड्यांनी भरलेला असतो. पण तिकडे न वळता कृष्णेच्या काठाने मेणवली, धोम आणि पुढे धरणाच्या फुगवट्याकडे निघालं की डांबरी रस्त्याला जागोजागी मुरमाच्या वाटा फुटतात. पाणंद, शिवाररस्ते, कालव्याच्या भरावावरची वाट, पांडवगडाच्या पायथ्याच्या वाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते, सगळं ग्रॅव्हल सायकलसाठी, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीच्या रुंद टायरच्या सायकलसाठीच, केल्यासारखं. तरीही इथे पहिल्यांदा येणाऱ्यांचे हाल होतात, कारण सायकल आणि बेत दोन्ही डांबराच्या हिशोबाने केलेले असतात. डांबर बारा महिने तेच राहतं, मुरूम मात्र दर महिन्याला वेगळा असतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

उपग्रहाच्या फोटोवर वाट दिसली, म्हणून ती आहे असं धरणं

नकाशावरचा उपग्रहाचा फोटो बहुधा कोरड्या दिवसांतला असतो. त्यात धोमच्या जलाशयाच्या कडेने छान रुंद वाट दिसते. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेऱ्यातून ट्रॅक्टर गेलेले असतात, ही त्यांची वाट. धरण भरलं की ऑक्टोबरमध्ये ती पाण्याखाली असते. उलट, मे महिन्यात मोकळी दिसणारी पाणंद पावसाळ्याअखेरीस कंबरेएवढ्या गवतात लपलेली असते. म्हणून वाट आखताना काठापासून एक टप्पा वरची, वस्तीला जोडलेली वाट धरा. दर सात-आठ किलोमीटरवर डांबरी रस्त्यावर उतरता येईल असा एक फाटाही हेरून ठेवा. नकाशा आणि मार्गाची फाइल फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. खोऱ्यात आत शिरल्यावर रेंज जाते आणि ती शोधत राहण्यात फोनची बॅटरीही संपते.

कालव्याच्या भरावावरून जायचं असेल तर आवर्तन सुरू आहे का, ते गावात विचारा. पाणी सोडलेलं असताना पाझराच्या जागी भराव भिजून लोण्यासारखा होतो. साखळी किंवा फाटक लावलेलं असेल तर परत फिरा.

वेळेचा हिशोबही इथेच चुकतो. डांबरावर ताशी 22-24 किलोमीटर जाणारा माणूस चढ-उताराच्या मुरमावर 12-14 नेच जातो. त्यामुळे 50 किलोमीटरला निदान चार तास धरा. मेणवलीचा घाट आणि धोमचं नरसिंह मंदिर पाहायचं असेल तर त्याचा वेळ वेगळा.

टायरमध्ये डांबराइतकीच हवा भरणं

टणक टायर खड्यांवरून उड्या मारतं. पकड सुटते, मनगटं आंबतात, आणि चढावर मागचं चाक जागीच फिरतं. सत्तर किलोचा स्वार, 40 मिलिमीटरचं ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेलं) टायर असेल तर पुढे 28 आणि मागे 31 पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. ट्यूब असेल तर दोन्हीकडे सहा-सात पीएसआय वाढवा, नाहीतर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. टायर आणि रिमवर लिहिलेली मर्यादा मात्र ओलांडू नका. दगडावर रिम आपटल्याचा आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा. हाताच्या छोट्या पंपावरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका, निघण्यापूर्वी घरीच फ्लोअर पंपाने (जमिनीवर उभा ठेवायचा मोठा पंप) मोजून भरा.

सराट्याला कमी लेखणं

बाभळीचा काटा लांबून दिसतो, सराटा दिसत नाही. सराट्याचं फळ हरभऱ्याएवढं असतं. ते सुकून फुटलं की त्याचे टणक तुकडे वाटेवर पसरतात आणि तुकडा कसाही पडला तरी एखादी नांगी वर असतेच. दिवाळीनंतर पाणंदीच्या कडा त्यांनी भरलेल्या असतात. साध्या ट्यूबने अशा वाटेवर जाणं म्हणजे दर तासाला पंक्चर काढणं.

ट्यूबलेस करताना 700 बाय 40 मापाच्या प्रत्येक टायरमध्ये 60 ते 90 मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. सीलंट घातल्याचं आठवत असतं, पण आत फक्त रबराची साल उरलेली असते. तपासायला वेळ लागत नाही. व्हॉल्व्ह खाली सहाच्या काट्यावर आणा, हवा सोडा, व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हच्या आतला सुटा होणारा भाग) काढा आणि आत बारीक केबल टाय बुडवून पाहा. टाय कोरडा निघाला तर सीलंट भरा. हवा भरताना पंप अडत असेल तर कोअर सीलंटने चोंदलेला आहे. नवा घाला, आणि एक कोअर सोबतही ठेवा.

वाटेत काटा रुतला तर काढण्याची घाई नको. हवा जात नसेल तर तो घरापर्यंत तसाच राहू द्या. फुस्स आवाज येत असेल तर काटा काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट थांबा. तरीही सीलंट उडत राहिलं तर प्लग (भोकात दाबून बसवायची रबरी पट्टी) घाला. शेवटचा उपाय ट्यूब. पण ती घालण्याआधी टायरच्या आतून कापड सावकाश फिरवा आणि ते अडकेल तिथला प्रत्येक काटा पकडीने उपटा. ट्यूबलेस टायरमध्ये असे मोडके काटे डझनभर निघतात. एक जरी राहिला तरी नवी ट्यूब शंभर मीटरही टिकत नाही.

चाकोरी बदलताना बेसावध राहणं

बैलगाडी-ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये सुट्या खड्यांचा उंचवटा, हे इथल्या रस्त्याचं रूप. दाबलेल्या चाकोरीत पकड उत्तम असते. एका चाकोरीतून दुसरीत तिरकं सरकायला गेलं की पुढचं चाक उंचवट्याच्या कडेला घसरतं आणि माणूस खांद्यावर पडतो. वेग कमी करा, हँडलवरचा भार हलका करा आणि उंचवटा शक्य तितका आडवा, काटकोनाकडे झुकत ओलांडा. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावून संपवा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक हमखास घसरतं.

उजव्या अंगावर पडलात तर निघण्याआधी सायकलच्या मागे उभे राहून डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) पाहा. तो चाकाकडे झुकला असेल तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) वाकला आहे. अशा वेळी मागच्या सर्वांत मोठ्या दातेचाकावर साखळी नेऊ नका, डिरेलर आरीत शिरून चाकासकट तुटतो. हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि आसपासच्या गावात मिळत नाही, म्हणून आपल्या मापाचा एक सोबत हवाच.

चढावर उभं राहून पॅडल मारू नका. बसून, सीटच्या टोकाकडे सरकून, छाती खाली ठेवा. त्यासाठी गिअरही हलका हवा. पुढे 40 आणि मागे 42 दात्यांची जोडी असेल तर निभतं. रोड सायकलच्या 34-28 वर कच्च्या चढाला गुडघे दुखतात.

साखळीला भरपूर तेल

कोरड्या दिवसांत मुरमाची लाल धूळ तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करते. मेणाचं किंवा ड्राय ल्यूब (सुकून कोरडं राहणारं वंगण) वापरा, प्रत्येक कडीला एकच थेंब, आणि रात्रभर सुकू दिल्यावर बाहेरून पुसा. अकरा-बारा गिअरची साखळी 0.5 टक्के ताणली गेली की बदला.

ऊसतोडीचे आणि जत्रेचे दिवस न पाहणं

साधारण नोव्हेंबर ते मार्च उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन याच वाटांनी फिरतात. गाणी मोठ्याने लागलेली असल्यामुळे चालकाला तुमची घंटा ऐकू येत नाही, म्हणून समोरून ट्रॅक्टर दिसला की तुम्हीच उतरून कडेला थांबा. तोडणी झालेल्या फडाजवळ पाचट पसरलेलं असतं, आणि ते डिरेलरच्या चाकांत गुंडाळलं जातं. खरखर आवाज येताच पॅडल थांबवा आणि हाताने पाचट काढा. जोर लावलात तर हँगर मोडतो.

पौष पौर्णिमेच्या सुमारास जत्रेमुळे मांढरदेवीच्या बाजूला आणि रंगपंचमीला बावधनच्या बगाडाच्या (जत्रेत ओढला जाणारा मोठा लाकडी गाडा) दिवशी शांत रस्ता मिळणार नाही. बगाड पाहायचंच असेल तर सायकल वाईत ठेवून जा.

काळ्या मातीत रेटत राहणं

पाऊस पडून गेल्यावर मुरूम दोन-तीन तासांत निथळतो, काळी माती तशी नाही. ती टायरला चिकटते, फ्रेममध्ये ठासते आणि चाक फिरेनासं होतं. टायरच्या दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर मोकळी जागा असावी लागते, आणि तेवढ्यानेही काळ्या रानात निभत नाही. उतरा, सायकल खांद्यावर घ्या, गवतावरून चाला. ढकललीत तर माती डिस्क ब्रेकपर्यंत पोचते. घरी आल्यावर जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, बादलीभर पाणी आणि ब्रश पुरे. ब्रेक पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर बदला. चिखलात तो एका दिवसातही संपू शकतो.

गावाला रस्त्यासारखं वागवणं

वाटेवर धान्य वाळत घातलेलं असेल तर कडेने चालत जा. कवाड लावलेलं असेल तर पलीकडे गेल्यावर पुन्हा लावा. म्हशींच्या कळपाला मागून घंटा वाजवू नका, आधी गुराख्याला लांबून हाक मारा. कुत्रं अंगावर आलं तर उतरा आणि सायकल दोघांच्या मध्ये धरा, बहुतेक तिथेच थांबतं. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात शिरण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. घाटाच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवू नका, त्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत असतात. धोमच्या मंदिरात कासवाच्या पाठीवरचा नंदी पाहायचा असेल तर सायकल बाहेरच्या भिंतीला टेकवा, पण कोरीव दगडाला हँडल लागणार नाही अशी.

पाण्याच्या दोन बाटल्या आणि मीठ-साखरेची पुडी बरोबर असू द्या. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, आणि दुपारी वाड्यांमधली दुकानं बंद असतात.